हाक मारण्याचा अधिकार

कुत्र्याला भेव पाहिजे, असं आमच्या सावली गावात सर्रास म्हणतात. पिलानं घरात घाण केली की नाक त्यातच घासायचं, कोंबडीमागे धावलं की काठी. शेजारचा गडी मला सांगतो, "गुरुजी, एकडाव चांगला हाना त्याले, मंग आयकते का नाही पाहा."

माझ्या कुत्र्याचं, शेरूचं, सगळं शिक्षण मात्र सुक्या झिंग्यांवर झालं. हाक मारली, आला, की झिंगा. नाही आला तर झिंगा नाही, एवढंच. आणि आलेल्या कुत्र्यावर ओरडायचं नाही, मग तो कितीही उशिरा येवो. आपल्याजवळ आल्यावर त्याला काय मिळालं तेच त्याच्या लक्षात राहतं. उशीर झाला होता हे नाही.

काठीवाल्यांच्या पाठीशी एके काळी शास्त्रही होतं. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेलनं बंदिवासातल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून टोळीतल्या वर्चस्वाचं चित्र मांडलं. पुढे डेव्हिड मेकच्या पुस्तकानं ते जगभर गेलं, आणि १९९९ मध्ये त्याच मेकनं लिहिलं की रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. तरी 'मालक कोण ते दाखवून द्या' हा उपदेश काही गेला नाही. शाळेतली छडी तरी कुठे गेली? कायद्यात गेली.

काठी वाईट, इथवर मला शंका नाही. माझी अडचण त्यापुढची आहे. मार खाल्लेला कुत्रा मालकापासून हातभर अंतर राखतो, स्वतःचं थोडं स्वतःजवळ ठेवतो. शेरू काहीच राखत नाही. हाक ऐकली की तोंडातलं हाडूक टाकून येतो. म्हणजे मायेनं शिकवून मी काठीवाल्यापेक्षा जास्त सत्ता मिळवली. ती वापरायची कशासाठी?

हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकी नाही. सभोवती वाघाचं रान, आणि बिबट्याला कुत्रा आवडतो. दारात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढलेलं ताट. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोहफुलं वेचायला माणसं निघतात, तेव्हा कुत्राही सोबत असतो. त्याच्या भुंकण्यानं माणूस सावध होतो, आणि भुंकणारा पुढे असतो.

उत्तर शोधताना आधी गांधीजी आठवतात. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन याच सावलीत भरलं, गांधीजी त्यासाठी इथे आले होते. त्याआधी दहा वर्षं, अहमदाबादेत एका गिरणीमालकानं ६० भटकी कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी त्याची बाजू घेतली आणि अहिंसावादी मंडळी खवळली. रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य जोडणं ही दया नव्हे, पाळायचं तर त्याचा भार घ्या, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मारण्याचं समर्थन मला पटत नाही. भार घेण्याचं पटतं. पण पाळल्यावर त्या जिवाकडून काय मागावं, याचं उत्तर त्यात सापडत नाही.

ते शोधत मी महाप्रस्थानाकडे जातो. युधिष्ठिरानं कुत्र्यासाठी स्वर्गाचा रथ नाकारला, हे सगळे सांगतात. मला मात्र त्याच्या आधीचं दिसतं. हस्तिनापुरापासून तो कुत्रा आपणहून मागे चालला होता. धर्मराजानं त्याला बोलावलं नव्हतं, काही शिकवलं नव्हतं, त्याच्याकडून काही घेतलंही नव्हतं. तरी सोडायची वेळ आली तेव्हा त्यानं नकार दिला. मी तर शेरूला झिंग्यांनी बोलावलं आहे. माझ्यावर त्याचं ऋण युधिष्ठिरापेक्षा जास्त निघतं.

म्हणून मी शेरूला जंगलात नेत नाही. हे शेजाऱ्याला सांगितलं तर तो हसला. "तुमाले पेन्शन हाये गुरुजी. मले मोहा येचाले जाच लागते." तो आपल्या कुत्र्याला मारतो. पण पहाटेच्या अंधारात त्याच वाघाच्या वाटेनं कुत्र्यासोबत स्वतः जातो, आणि फडक्यातली शिदोरी सोडली की पहिला घास त्याला टाकतो. मी घरी राहून कुत्र्याला घरी ठेवतो. स्वर्गाच्या रथापाशी आम्हा दोघांतल्या कोणाला आधी विचारतील, मला खात्री नाही.

परवा मी शेजाऱ्याला मूठभर झिंगे दिले. एकेक देऊन हाकेला परत यायला शिकव म्हटलं. त्यानं तिथेच सगळी मूठ कुत्र्यापुढे ओतली.