एकवीरेच्या अंगणातला चैत्य

चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईची पालखी निघते. मुंबई, ठाणे, रायगडकडून आलेल्या कोळी-आगरी भाविकांनी तेव्हा अंगण फुलून जातं. देवीचं मंदिर लेण्याच्या अगदी तोंडाशी आहे. चैत्यगृहापुढच्या दोन सिंहस्तंभांपैकी आज एकच उभा आहे. दुसऱ्याच्या जागी हे मंदिर झालं, असं मानतात. लेणी पाहायला आलेला माणूस इथे थबकतो आणि हमखास विचारतो : ही जागा मुळात कोणाची?

लेण्यातले ब्राह्मी लेख वाचले की या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळत नाही. सुमारे 124 फूट लांब, 45 फूट रुंद असं हे चैत्यगृह दोन हजार वर्षांपूर्वी कातळात खोदलं गेलं ते अनेकांच्या दानातून. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा शेठ भूतपाल सांगतो, की जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केलं. सिंहस्तंभ एका महारठीने दिला. खांबांवर धेनुकाकट या ठिकाणच्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची नावं आहेत, दाराजवळच्या लेखांत तिथल्याच एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं आणि सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे. सुताराचं नाव इथे असावं हे फार योग्य आहे. मान वर केली की दगडी कमानीला जडवलेल्या सागवानी फासळ्या दिसतात. छताचा भार त्यांच्यावर मुळीच नाही. लाकडी चैत्याची सवय झालेल्या डोळ्यांना दगडातही देवघर ओळखीचं वाटावं, एवढ्यासाठी त्या बसवल्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आजही मूळच्याच आहेत. स्तूपावरचं छत्रही लाकडाचंच.

पुढे महायान काळात दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. आधी तिथे मिथुनं, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या जोड्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

मग देवी. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं, अशी कथा भाविक सांगतात. कोळ्यांची ती आई आहे, अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांची कुलदेवता आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ या 1962 च्या ग्रंथात नोंदवलं आहे, की कोळी भाविक चैत्यातल्या स्तूपालाच यमाई देवी मानतात. पूजा बदलली, पण प्रदक्षिणेची जागा तीच राहिली.

यात ताण नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. अहिंसा सांगणाऱ्या भिक्खूंच्या दाराशी देवीला कोंबड्या-बकऱ्याचा मान द्यायची रीत पडली. भिक्खूंच्या वर्षावासासाठी करजिक गाव दान देणाऱ्या उषवदाताला ही रीत मानवली नसती. तरीही ‘मुळात कोणाची’ हा प्रश्न या डोंगराला लागू पडत नाही. पावित्र्य सातबाऱ्यावर चढत नाही. ज्याने ज्याने इथे श्रद्धेने काही ठेवलं, त्या प्रत्येकाने ही जागा थोडी थोडी घडवली. यवनाने खांब दिला तसा कोळ्याने नवस दिला. यातलं एक खरं आणि दुसरं अतिक्रमण ठरवायला गेलं, तर सुताराच्या फासळ्यांनाही नकली म्हणावं लागेल.

देवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी शेजारीच तिकीट काढून चैत्यात जरूर शिरावं आणि त्या फासळ्या पाहाव्यात. लेण्यांसाठी आलेल्यांनी देवीच्या रांगेकडे पाठ फिरवू नये.