बुरसटलेल्या भाकरीची साक्ष

यहोशवाच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात गिबोनकरांची हकीकत आहे. ती ह्या आठवड्यात आपापल्या घरी सावकाश वाचावी, अशी आमची विनंती आहे. गिबोनचे लोक इस्राएलाच्या छावणीपासून फार दूर राहत नव्हते. परंतु आपण परदेशाहून आलो असे भासविण्यासाठी त्यांनी गाढवांवर जीर्ण गोण्या लादल्या, फाटून शिवलेले बुधले घेतले, पायांत झिजलेली पायतणे घातली आणि शिदोरीला वाळून बुरसटलेली भाकर घेतली. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी ती शिदोरी पाहिली व त्यांची खात्री पटली. परमेश्वराला मात्र कोणी विचारले नाही. करार झाला, शपथ वाहिली गेली, आणि तीन दिवसांनी कळले की हे तर आपले शेजारीच!

हे पुढारी मूर्ख नव्हते. यरीहोचा तट कोसळलेला पाहिलेली ती माणसे होती. त्यांनी पुरावाही मागितला. पण जो मिळाला तो फसविणाऱ्याच्याच पिशवीतला होता.

आज हीच शिदोरी आपल्या हातातल्या फोनवर येते. पीएम-किसानच्या हप्त्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर त्या योजनेच्या नावाची एक फाईल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती फोनमध्ये बसविली की बँकेचे ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात. लग्नपत्रिकेच्या व वाहनाच्या दंडाच्या नावानेही अशा फाईली फिरतात. दुसरा कोणी पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर येतो व दरडावतो की, तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा नोंदला आहे, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, कोणाला सांगू नका. भारताच्या कायद्यात अशी अटकच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरूनही हे सांगितले. 'कोणाला सांगू नका' ह्या शब्दांकडे लक्ष द्यावे. आपण कोणाला विचारले तर आपला डाव उघडा पडेल, हे चोरास पक्के ठाऊक असते.

यास्तव विचारावे. प्रार्थना करावी, आणि उठून बँकेच्या शाखेतही जावे. आलेल्या संदेशातल्या क्रमांकावर फोन करून खात्री करणे म्हणजे गिबोनकरांचीच भाकर पुन्हा पाहणे होय. आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. जे वृद्ध अंगठा लावून पैसे काढतात, त्यांच्या आधारच्या बायोमेट्रिकला कुलूप लावता येते व पैसे काढतेवेळी ते उघडता येते. उपदेशक बंधूंनी ह्या कामी त्यांना साहाय्य करावे.

परंतु आम्हास अधिक बोलावेसे वाटते ते लाजेविषयी. गिबोनची फसवणूक उघड झाल्यावर सगळी मंडळी पुढाऱ्यांविरुद्ध कुरकुर करू लागली. आपल्या गावांतही असेच होते. एखाद्या विधवा भगिनीची पुंजी गेली की शेजारी म्हणतात, 'हिला एवढेही कळले नाही?' मग ती गप्प राहते, आणि तिच्या मौनाचा लाभ चोरास होतो. चोरलेला पैसा थोड्याच वेळात एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जातो. १९३० ह्या सरकारी क्रमांकावर लागलीच कळविल्यास तो वाटेत अडविला जाऊ शकतो. रिझर्व बँकेने २०१७ साली काढलेल्या नियमांतही, बँकेला कळविल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार बँकेवरच ठेवला होता. तेव्हा जो रडत दाराशी येईल त्यास प्रथम फोन लावून द्यावा. बोल लावू नये, तो दिवस त्याचा नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी सांगणे आम्हास जड जाते. तो पैसा ज्या खात्यांतून फिरतो ती पुष्कळदा गरीब तरुणांची असतात. थोड्या हजारांसाठी ते आपले पासबुक, एटीएम कार्ड व सिम परक्याच्या हाती देतात. आपण काहीच केले नाही असे त्यांना वाटते. पण त्या विधवेचा पैसा त्यांच्याच नावावर उतरलेला असतो, आणि पोलीसही प्रथम त्यांच्याच दारी येतात. आपल्या तरुणांपैकी कोणी असे खाते दिले असेल, तर त्याने आजच बँकेस कळवावे व पोलीस ठाण्यात खरी हकीकत सांगावी. एकट्याने जाण्यास तो भीत असेल, तर उपदेशकाने त्याच्याबरोबर जावे.