आरसा आणि ज्वाळा

1998 साली जोहान्सबर्गमध्ये ‘ब्लास्टर’ नावाचं उपकरण विकायला आलं. डिकीत गॅसची टाकी, दारांखाली नळ्या. चालकानं खटका दाबला की गाडीच्या दोन्ही बाजूंनी ज्वाळा उसळायच्या आणि गाडी हिसकावायला आलेला माणूस होरपळायचा. याच शहरातल्या एम्पायर थिएटरमध्ये 11 सप्टेंबर 1906 रोजी तिथल्या भारतीय लोकांनी अन्यायी कायद्यापुढे न झुकण्याची शपथ घेतली होती आणि त्यातून सत्याग्रह उभा राहिला. मग तिथे आज गाडी चालवणाऱ्या अहिंसावादी माणसानं करायचं तरी काय? मला वाटतं, अहिंसेची सुरुवात सावधपणात आहे. उशिरा जागं होणाऱ्यापुढे जाळणं किंवा मरणं एवढंच उरतं. वेळेवर पाहणाऱ्याला दोन्ही टाळता येतं.

दक्षिण आफ्रिकेत अलीकडच्या काही वर्षांत दरवर्षी वीस हजारांहून अधिक गाड्या अशा हिसकावल्या गेल्याची नोंद झाली, आणि त्यातले कितीतरी प्रकार घराच्या फाटकाशी घडतात. घर आलं की मन सैल पडतं, हे हल्लेखोराला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तिथले जाणकार सांगतात, की फाटक उघडेपर्यंत गाडी आत वळवूच नका, रस्त्याच्या कडेनं सरळ उभी ठेवा. वळवलीत, की मागून दुसरी गाडी आडवी येते आणि पुढे बंद फाटक. सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढं अंतर सोडायचं, म्हणजे रिव्हर्स न घेता बाजूनं निसटता येतं. पाली परंपरेनुसार बुद्धांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा होता. मला तो अप्रमाद त्या मोकळ्या सोडलेल्या डांबरी तुकड्यात दिसतो. तिथून निघून जाणाऱ्याला कुणाला इजा करावी लागत नाही.

पण सदैव गाडीच्या आरशात मागे पाहणारा माणूस प्रत्येक वाटसरूला चोर समजू लागणार नाही का? हा आक्षेप खरा आहे, आणि वर्णभेदानं पोखरलेल्या देशात तर फारच. संशय तिथे चटकन कातडीचा रंग धरतो. मात्र संशय चेहरा पाहतो, सावधपण हालचाल पाहतं. चार वळणं आपल्या मागोमाग आलेली गाडी कुणाचीही असो, ती मागे आहे एवढंच ध्यानात घ्यायचं आणि घरी न वळता पोलीस ठाण्याकडे जायचं. यात कुणाचा अपमान नाही. चालकाची नजर गाड्यांवरून माणसांच्या वर्णाकडे वळली, तर ते सावधपण उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण. काचेला पिस्तूल टेकलं की किल्ली देऊन टाका, हा सल्ला भित्रेपणाचा नाही का? खुद्द गांधींनी 1920 मध्ये लिहिलं होतं, की भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायची वेळ आली तर ते हिंसा सुचवतील. पण भ्याड तो, जो आपल्यावर विसंबलेल्या माणसाला सोडून पळतो. गाडीचं लोखंड सोडणं हा अपरिग्रह, म्हणजे वस्तूचा हव्यास न धरणं, आहे, त्यात कुणाचा घात नाही. मागच्या सीटवर मूल असेल तर मात्र कसोटी लागते. म्हणूनच मुलाची सीट चालकाच्या मागे लावावी म्हणतात: उतरताच मागचं दार हाताशी येतं. हात दिसतील असे ठेवायचे, झटका द्यायचा नाही आणि हात हलवण्याआधी हळू, स्पष्ट सांगायचं, “मूल घेतोय.”