यजमान कोण?

2026 च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत दोन-चार दिवसांवर आली होती आणि महापालिकेचे मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 15 तारखेला व्हायचे होते. ठाण्यात 2017 नंतर आणि आमच्या कल्याण-डोंबिवलीत 2015 नंतर प्रथमच ही निवडणूक होत होती. इतक्या वर्षांच्या उपासानंतर उमेदवारांच्या अंगात उत्साह संचारला असल्यास नवल नाही. कुठे हळदीकुंकू, कुठे क्रिकेटचे सामने, कुठे अष्टविनायकाची यात्रा. अशा दिवसांत माझा भाचा ठाण्याहून आमच्याकडे आला. तो घोडबंदर रस्त्यावर राहतो, एका संगणक कंपनीत काम करतो आणि माझ्याशी वाद घालण्यात त्याला मनापासून आनंद वाटतो.

"मामा," तो म्हणाला, "परवा आमच्याकडच्या एका उमेदवाराने तरुण मतदारांचा मेळावा घेतला. भाषण दहा मिनिटांचे, बीअर तीन तासांची! आणि बाटलीतली नव्हे बरं का. तिथेच काचेपलीकडच्या टाक्यांत बनवलेली, गव्हाची. धणे आणि संत्र्याची साल घातलेली."

"मग तू प्यालास?"

"दोन पेले. पण मत कोणाला द्यायचे ते मी आधीच ठरवले होते. त्याला नाहीच देणार. आता सांगा, यात माझे काय चुकले?"

प्रश्न त्याने गमतीने विचारला होता. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. माझा राग बीअरवर नाही. हौसेने, थोड्या प्रमाणात, निगुतीने बीअर बनवणे हाही एक कसब लागणारा उद्योग आहे. पुण्यात 2009 साली 'दुलाली'ने ही हौस रुजवली. पुढे आमच्या डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतही 'गेटवे' नावाची लहानशी निर्माणी निघाली. ज्या गावाची ओळख लोकलची गर्दी आणि फडके रोडवरची दिवाळी पहाट एवढीच जगाला आहे, त्या गावाच्या नावावर ही एक नवी कारागिरी जमा झाली. ज्याला प्यायची त्याने स्वतःच्या पैशाने प्यावी. मित्राने मित्राला पाजावी. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या पाड्यांतून लग्नकार्यात ताडी फिरे, तिच्यात लाच कसली? घरचे माणूस घरच्या माणसाला देत होते.

प्रश्न पेल्यातल्या द्रव्याचा नाही. पेला कोण पुढे करतो आणि कोण हातात घेतो, याचा आहे.

ही रीत काही आपण शोधून काढलेली नाही. जॉर्ज वॉशिंग्टन 1758 साली व्हर्जिनियाच्या विधानसभेसाठी उभा होता. तो स्वतः लष्करी कामगिरीवर दूर होता. त्याच्या मित्रांनी मतदारांना रम, पंच, वाइन आणि बीअर मिळून सुमारे 160 गॅलन पेय पाजले. मतदार किती? चारशेच्या आत. वॉशिंग्टन निवडून आला आणि त्याने मित्रांना पत्र लिहून चिंता व्यक्त केली, ती अशी की तुम्ही हात फार आखडता तर घेतला नाहीत ना! विरोधात मत देणाऱ्यांनाही सारखेच पाजले असेल, अशी आशाही त्याने प्रकट केली. याच्या उलट जेम्स मॅडिसन. 1777 साली त्याने मतदारांना दारू पाजायचे नाकारले आणि तो पडला. पुढे हाच मनुष्य अमेरिकन घटनेचा शिल्पकार म्हणून ओळखला गेला. पण त्या वर्षी मतदारांनी त्याला घरी बसवले, कारण त्याचा नकार त्यांना तत्त्वनिष्ठा वाटला नाही, चिक्कूपणा वाटला.

मला मॅडिसनपेक्षा त्याच्या मतदारांचे नवल वाटते. ते काही भ्रष्ट लोक नव्हते. आपल्याकडे येणाऱ्याने चार माणसांत मोकळेपणाने मिसळावे, एक पेला पुढे करावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. माझ्या भाच्याचीही तीच होती. मग बिघडते कुठे?

कायद्यालाही हा प्रश्न अवघड गेलेला दिसतो. 1920 साली आपल्या दंडसंहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचे प्रकरण घातले गेले. त्यात लाचेला वर्षभरापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. पण लाच जर खाणे, पिणे किंवा करमणूक या रूपाने दिली असेल, ज्याला आपण सरबराई म्हणू, तर शिक्षा फक्त दंडाची. जुलै 2024 पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण हा भेद तसाच राहिला. शिवाय लोकसभा-विधानसभेच्या मतदानाची वेळ संपण्याआधीचे 48 तास दारूविक्री बंद ठेवण्याचा नियम आहे. महापालिकेच्या वेळीही कोरडे दिवस पाळले जातात. म्हणजे कायद्याची समजूत अशी दिसते की सरबराई हा लाचेचा धाकटा, जरा खोडकर भाऊ आहे आणि मतदार शुद्धीवर असला की तो दोष संपला.

मला याच्या नेमके उलट वाटते. रोख पैसे घेणाऱ्याला आपण काय केले ते पक्के ठाऊक असते. देणाऱ्याविषयी त्याच्या मनात आदर नसतो, उपकाराची भावना तर नसतेच. व्यवहार झाला, संपला. एकाचे घेऊन दुसऱ्याला मत देताना त्याला फारसे काही वाटत नाही. सरबराईचे तसे नाही. ती आपल्या लोभाला हात घालत नाही. ती आपल्या कृतज्ञतेला हात घालते. खाल्ल्या मिठाला जागावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पाहुणा म्हणून पानावर बसल्यावर आमटी अळणी झाली तरी बोलू नये, हीही शिकवण आपलीच. आणि ती चांगलीच आहे! म्हणूनच तिचा उपयोग करून घेणारा अधिक मोठा अपराध करतो. तो आपला दुर्गुण विकत घेत नाही, सद्गुण वापरतो.

आणि त्यातून त्याला मिळते काय? मत नव्हे. मत गुप्त असते. भाचा म्हणतो त्याप्रमाणे ते आपलेच राहते. त्याला मिळते ते आपले गप्प राहणे. ज्या घरी आपण पाहुणे, त्या घरात हिशेब विचारता येत नाही. प्रत्यक्षात घर आपले आहे. पालिका आपली, तिजोरी आपली, उमेदवार आपल्या दारात काम मागायला आलेला. पण हातात पेला आला की जागा बदलतात. तो यजमान होतो आणि आपण पाहुणे. आपल्याच घरी पाहुणे!

याच महाराष्ट्रात बाटली आणि मत यांची एक निराळी गाठही पडते. एखाद्या गावातल्या किंवा प्रभागातल्या स्त्रियांनी पुरेशा संख्येने मागणी केली, तर तिथल्या दारूच्या दुकानाविषयी मतदान होते. चिठ्ठीवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. पुरेशी मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. त्या चिठ्ठीपुढे उभी असलेली बाई कोणाची पाहुणी नसते. बाटली तिला कोणी देत नाही. बाटलीचे काय करायचे ते ती ठरवते. दुसऱ्या टोकाला, 2024 च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरहून उभ्या राहिलेल्या वनिता राऊत यांनी गावोगावी बीअर बार काढण्याचे उघड आश्वासन दिले होते. लोक हसले, त्या पडल्या. मला ते आश्वासन पटणारे नाही. पण ते चारचौघांत, दिवसाउजेडी दिलेले होते. त्यावर वाद घालता येत होता, ते नाकारता येत होते. पोटात गेलेल्या पेल्याशी वाद घालता येत नाही.

हे सारे मी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी भाच्याला सांगितले. माझ्या मते विवेचन चांगले झाले होते. त्याने शांतपणे ऐकून घेतले, तिळाचा एक लाडू तोंडात टाकला आणि खिडकीतून खाली पाहत विचारले, "मामा, तुमच्या सोसायटीच्या आवारातल्या या फरश्या कोणी बसवल्या?"

मला उत्तर देता येईना. फाटकापाशीच पाटी आहे. एका लोकप्रतिनिधीचे नाव, हात जोडलेले छायाचित्र आणि खाली शब्द, 'यांच्या सौजन्याने'. काही वर्षांपूर्वी सोसायटीचा चिटणीस या नात्याने त्या पाटीला संमती मीच दिली होती. पैसा त्यांच्या खिशातला नव्हता. निधी सरकारी होता, म्हणजे आपल्या सर्वांचा. पण सौजन्य त्यांचे! उद्घाटनाला पेढे आले, शाल आली. ती शाल अजून कपाटात आहे. त्यानंतर त्याच वर्षी वॉर्डातल्या सभेत पाण्याच्या कमी दाबाचा प्रश्न विचारायचे मी ठरवून गेलो होतो. कागदावर मुद्दे लिहून नेले होते. व्यासपीठावरून त्यांनी मला ओळखले, मान लववून नमस्कार केला, आणि तो कागद माझ्या खिशातून बाहेर आला नाही. वरच्या मजल्यावरच्या आजी आणखी दोन उन्हाळे बादल्या भरून ठेवत राहिल्या.

मी बीअरच्या थेंबालाही शिवत नाही. वस्तीतल्या माणसाने निवडणुकीच्या रात्री घेतलेल्या बाटलीबद्दल मी वर्षानुवर्षे नाक मुरडत आलो. माझी बाटली शालीत गुंडाळून आली होती, एवढाच काय तो फरक. दिवाळीच्या सुमारास दाराला अडकवलेले, फोटो छापलेले उटण्याचे पाकीट, भिंतीवरचे फुकटचे कॅलेंडर, पहाटेच्या गाण्यांच्या मैफलीतली पुढच्या रांगेतली खुर्ची, सगळ्यांतून आम्ही सभ्य माणसे थोडी थोडी पीत असतो. आणि पेला जितका सुबक, तितके आपण प्यालो हे कळायला उशीर लागतो.

यावर उपाय काय? सगळेच नाकारत बसणे मला शक्य वाटत नाही. फरश्या उखडून मी चिखलातून चालणार नाही. पण मीठ कोणाचे, एवढे तरी विसरू नये. ते आपलेच असेल, तर त्याला जागणे म्हणजे हिशेब विचारणे.

भाच्याने त्या उमेदवाराला मत दिले नाही. मात्र आपल्या भागातल्या कचऱ्याविषयी त्याला संदेश पाठवून प्रश्न विचारला, असे त्याने मला नंतर कळवले. मी पाण्याच्या दाबाचे पत्र पालिकेला अखेर लिहिले. शिवाय सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव मांडला की फाटकावरच्या पाटीवर 'यांच्या सौजन्याने' ऐवजी 'करदात्यांच्या पैशातून' असे लिहावे. ठरावाच्या बाजूने तीन हात वर आले. एक माझा, एक माझ्या पत्नीचा आणि तिसरा वरच्या मजल्यावरच्या आजींचा.

ठराव अर्थातच नामंजूर झाला. पाटी आहे तिथेच आहे. पुढच्या वर्षी मी तो पुन्हा मांडणार आहे.