साठने गुणू नका

मे महिना लागला की बोईसरच्या टॅप्स कॉलनीतली, पालघरच्या माहीम रोडवरची निवृत्त मंडळी परदेशी मुलांकडे निघतात. कुणी टोरांटोला निघालेलं असतं. खरं तर मिसिसॉगाला नाहीतर ब्रॅम्प्टनला. पण विरारचा माणूसही बाहेरगावी गेला की मुंबईचाच असतो, तसंच ते. पहिल्यांदा जाणाऱ्यावर मग चारी बाजूंनी सल्ले बरसतात. वजन किती, कोट कुठला, डॉलर किती. हे सगळं उपयोगाचं आहे आणि थोडं मीही सांगणार आहे. पण माझ्या मते त्या प्रवासात खरं अवघड जातं ते पाहुणा होणं. आयुष्यभर घरात आणि गावात यजमान म्हणून वावरलेल्या माणसाला ते कुणी शिकवलेलंच नसतं.

सुरुवात बॅगेपासून. सातपाटीचे सुके बोंबील, सुकट, घरचा मसाला, लोणचं बॅगेत गेल्याशिवाय आईला चैन पडत नाही. पण उतरल्यावर विमानतळावर ‘खाण्याचे पदार्थ आणलेत का’ असं विचारतात, तिथे सरळ ‘हो’ म्हणावं. ताजी फळं, बिया, दूधदुभतं, मांस यांवर तिकडे बंधनं आहेत, म्हणून घोलवडच्या ताज्या चिकूंचा मोह आवरावा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर दंड होऊ शकतो. ‘कुणाला कळतंय’ म्हणणारा एक तरी नातेवाईक बॅग भरताना हजर असतोच. बोंबलाचा वास लपतो असं ज्याला वाटतं, त्याने बोंबील कधी खाल्लेला नसावा.

विम्याच्या फॉर्मचंही तेच. आईवडिलांसाठी कॅनडाने 2011 मध्ये ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. 2022 पासून त्यावर एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी किमान एक वर्षाचा, निदान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो, कारण ओंटारिओची सरकारी आरोग्यसेवा पाहुण्याला लागू होत नाही. हप्ता वाढू नये म्हणून साखर, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी लिहायची नाही, असा शहाणपणा इथे बसून सुचतो. पण लपवलेलं उघड झालं आणि दावा फेटाळला गेला, तर रुग्णालयाचं बिल मुलगा भरतो, आणि घराच्या कर्जाचे हप्ते त्याच्या डोक्यावर आधीच असतात. आपल्या शरीराबद्दल खोटं बोलून मुलाला खड्ड्यात घालण्याचा हक्क वडिलांनाही नाही.

थंडीबद्दल थोडक्यात. मे ते सप्टेंबरात गेलात तर एक जाकीट पुरतं. डिसेंबरात गेलात तर बूट तिथेच घ्या, आणि बर्फाचा काचेसारखा पातळ थर पायाखाली येतो त्याला भ्या.

आता घर. दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेली किंमत ही शेवटची किंमत नसते. ओंटारिओत बऱ्याच वस्तूंवर तेरा टक्के कर गल्ल्यावर वर चढतो. हॉटेलात पंधरा-वीस टक्के टीप ठेवतात. आणि इथेच वडिलांच्या डोक्यातलं यंत्र सुरू होतं. कॉफी चार डॉलर, म्हणजे अडीचशे रुपये! केस कापायचे तीस डॉलर! डॉलरला साठने गुणणं पहिले चार दिवस स्वाभाविक आहे. नंतर तो सुनेच्या घरखर्चाचा हिशेबतपास होतो. तोंडाने काही न बोलता नुसत्या भुवया उंचावल्या तरी तिला कळतं. ती कमावते डॉलरमध्ये, भाजी आणते डॉलरमध्ये. तिचा संसार रुपयात मोजायला तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. गुणायचंच असेल तर तिचे कामाचे तास आणि जाण्यायेण्यातला वेळही गुणा.

फोडणी देताना पंखा लावा, नाहीतर छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. बोंबील भाजायचे तर शेजाऱ्याची भिंत आपलीच आहे हे लक्षात ठेवा.

आणि पहिल्या आठवड्यातच एकट्याने बसचा एक मार्ग शिका. घर ते वाचनालय, तेवढा पुरे. इकडे ज्यांच्या एका हाकेवर रिक्षा थांबते, ते तिकडे मुलगा कामावरून येईपर्यंत खिडकीत बसतात आणि महिन्याभरात चिडचिडे होतात. प्रेस्टो कार्ड टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन सगळीकडे चालतं. टोरांटोत एकदा टेकवलं की दोन तास गाड्या बदलता येतात. ट्राममध्ये कुठल्याही दाराने चढतात, तिकीट तपासायला दारात कुणी उभं नसतं. तरी कार्ड टेकवायचं. आणि हो, आधी उतरणाऱ्याला उतरू द्यायचं. 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हापासून तिच्यात चढायची कला कमावलेल्यांना हे जड जातं. हात आपोआप दांडा शोधतो.

टॅप्समधून, म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेल्यांनी एक दिवस लेकशोअरच्या गाडीने पिकरिंगलाही जावं. सरोवराच्या काठावरचा तिथला अणुवीज प्रकल्प 1971 पासूनचा, जड पाण्यावर चालणारा. तारापूरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या अणुभट्ट्या त्याच वंशातल्या. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने ते तंत्र आलं, 1974 च्या पोखरणच्या अणुस्फोटानंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि पुढचं आपल्या लोकांनी स्वतः उभं केलं. आजोबांनी नातवाला सांगावी अशी ही गोष्ट आहे, आणि इतर फुशारक्यांपेक्षा बरी.

शहरात रस्ता चुकलात तर विचारा. इंग्रजी मोडकं असलं तरी बिघडत नाही. 2021 च्या जनगणनेनुसार टोरांटो महानगरातले साधारण 47 टक्के लोक बाहेर जन्मून तिथे आलेले आहेत. ज्याला तुम्ही पत्ता विचाराल तोही कधीतरी हातात कागद धरून असाच उभा होता, असण्याचा संभव बराच. बोईसर स्टेशनबाहेर उत्तर प्रदेशातला, ओडिशातला पोरगा एमआयडीसीतल्या कुठल्याशा प्लॉटचा नंबर विचारतो, तेव्हा आपण ‘ए भैया, उधर’ म्हणून हात उडवतो. तोही पहिल्यांदाच आलेला असतो, आणि त्याच्या हातात सल्ल्यांची यादी नसते.

टोरांटोत आणखी एक गोष्ट नव्या माणसाला बुचकळ्यात पाडते. कार्यक्रम सुरू होण्याआधी, सरकारी शाळांत तर सकाळी राष्ट्रगीताच्या जोडीनेच, ही जमीन कुठल्या आदिवासी लोकांची आहे ते म्हणून दाखवतात. त्यात मिसिसॉगा लोकांचं नाव येतं. मिसिसॉगा शहर त्यांच्याच नावाचं. 1787 मध्ये इंग्रजांनी त्यांच्याकडून टोरांटोची जमीन ‘विकत’ घेतली. नंतर पाहिलं तर खरेदीखत कोरं होतं. 1805 मध्ये ते पुन्हा केलं, किंमत दहा शिलिंग. त्याचा दावा 2010 मध्ये मिटला, चौदा कोटी पन्नास लाख डॉलर भरपाई देऊन. रोज दोन वाक्यं म्हटल्याने जमीन परत मिळत नाही, अशी टीका खुद्द तिथले आदिवासीही करतात, आणि ती खरी आहे. पण त्या दोन वाक्यांमुळे नातू घरी येऊन विचारू शकतो: आजोबा, तुमचं पालघर कुणाच्या जमिनीवर आहे?

याला उत्तर द्यायची तयारी विमानात बसण्याआधी करावी. आपला जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, एवढं सांगून भागणार नाही. इथे वारली, कातकरी, मल्हार कोळी, कोकणा आधीपासून होते. जमीन सावकार आणि जमीनदारांच्या हाती गेली, आणि 1945 मध्ये तलासरी-डहाणूतल्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उठावं लागलं. पुढे तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयात गेला. पिकरिंगची गोष्ट सांगताना हीही सांगावी लागेल, दोन्ही एकाच प्रकल्पाच्या आहेत.

मुलाच्या भिंतीसाठी बहुतेक जण वारली चित्र नेतात. छापील चादर किंवा कारखान्यातला ट्रे नेऊ नका. डहाणूजवळच्या गंजाडला जा, जिव्या सोमा म्हशे यांचं ते गाव. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या पंचक्रोशीत आज चित्रं काढणारी घरं आहेत. चित्र काढणाऱ्याकडूनच घ्या, तो सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या आणि मागच्या बाजूला त्याच्याकडून त्याचं नाव, गाव, पाडा लिहून घ्या. नातू इंग्रजीच वाचत असेल, तर त्याखाली रोमन लिपीतही लिहा.