तात्पुरत्या घराची नीती

दिल्लीलगतच्या गुरुग्राम-नोएडात, तसेच बंगळूर, हैदराबाद अशा नगरांत एक नवी वसतिपद्धती आता चांगलीच रुळली आहे. महिना-दोन महिन्यांसाठी कामावर येणाऱ्या अधिकाऱ्याकरिता त्याची कंपनी सामानासुमानासह सज्ज अशी सदनिका घेते. पलंग, गादी, पडदे, शेगडी, कपबशा, सारे तयार. आपण फक्त कपड्यांची पेटी घेऊन जायचे. घराचा मालक एक, भाडे भरणारा दुसरा, राहणारा तिसरा. आणि या तिघांची गाठ बहुधा कधीच पडत नाही. सोय उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे एक जुना प्रश्न नव्याने पुढे येतो : जे घर आपले नाही आणि ज्याचे भाडेही आपण भरीत नाही, त्या घराचे आपण काही देणे लागतो काय?

कायद्याचे उत्तर ठरलेले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याच्या कलम 108 प्रमाणे भाडेकरूने, रास्त वापराने होणारी झीज वगळता, घर घेतले त्याच स्थितीत परत करावे. त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम 52 मधील अनुज्ञप्तिधारकाला तर जागेत हितसंबंध असा काहीच नसतो. केवळ वापराची परवानगी असते. आपल्यापैकी सरकारी निवासस्थानांत राहणाऱ्यांच्या पगारातून कापली जाते तीही 'लायसन्स फी'च. परंतु कायदा मोडतोड मोजतो, वृत्ती मोजीत नाही. रिकाम्या खोलीत दिवसभर चालू ठेवलेले वातानुकूलन यंत्र मोडतोडीत येत नाही. बिल कंपनी भरते आणि तिची तक्रारही नसते. मग दोष तो कोठे राहिला?

पैसा मोजला की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांना यात दोष दिसणार नाही. पण भाडे पोचते ते मालकाला. करपलेले पातेले घासते ती मोलकरीण, आणि तुटलेली खुर्ची वाट्याला येते ती पुढच्या प्रवाशाच्या. करारनाम्यावर या दोघांचीही सही नसते.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी 14 वा नियम असा की, संघाच्या मालकीची खाट, आसन वा गादी उघड्यावर मांडून, ती न आवरता आणि कोणाला न सांगता निघून जाणारा भिक्षू दोषी होय. 15 वा नियम विहारातील अंथरुणाविषयी तेच सांगतो. भिक्षूने भाडे दिलेले नव्हते. वस्तू त्याची नव्हती, किंबहुना कोणा एकाचीच नव्हती. तरीही सर्वसंगपरित्याग केलेल्या त्या माणसाची खाट आवरण्यातून सुटका नव्हती. अनासक्ती आणि बेफिकिरी यांतील भेद येथे स्पष्ट होतो. अनासक्त मनुष्य वस्तू जपतो, पण वेळ येताच सहज सोडतो. बेफिकीर मनुष्य ती सोडतो, कारण त्याने ती कधी जपलेलीच नसते.

हा विचार आपणां बदलीवाल्यांना विशेष लागू आहे. आपले विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. 'आपण इथले थोडेच?' हे वाक्य प्रथम भिंतीच्या ओलीविषयी निघते, मग जिन्यातल्या केराविषयी, पुढे शेजाऱ्याच्या आजारपणाविषयी आणि शेवटी त्या गावाच्या भाषेविषयी व सुखदुःखाविषयी. अशा दहा गावी दहा वेळा 'इथले नाही' म्हणत नोकरी संपते, आणि निवृत्त होऊन परतल्यावर स्वतःच्या गावीही तीच सवय सोबत येते. मनुष्य कोठलाच उरत नाही.

म्हणून तात्पुरत्या घराची नीती ही क्षुल्लक बाब नव्हे. निघताना भांडी स्वच्छ असावीत, बिघडलेल्या नळाची वर्दी दिलेली असावी, रोज येणाऱ्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक असावे. एवढे पाळायला मालकी लागत नाही आणि मुक्काम किती दिवसांचा, हेही पाहावे लागत नाही.