दुसऱ्या उन्हाळ्याचं पाणी

रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या करवीर राज्यातच लिहिलं गेलं. त्यात आरमाराच्या लाकडाचा विषय निघतो. आंबा-फणसाचं लाकूड गलबतांना उपयोगी, तरीही रयतेच्या या झाडांना हात लावू देऊ नये, असं पंत बजावतात. त्याचं कारण मात्र ते सावलीचं किंवा फळांचं देत नाहीत. लोकांनी ती झाडं लेकरांच्या मायेनं किती वर्षं वाढवली, हे सांगतात. जीर्ण झाड हवंच असेल, तर धन्याला राजी करून, त्याचं मोल देऊनच तोडायचं.

पंतांनी वर्षं मोजली. आपण रोपं मोजतो. 2016 ते 2019 या काळात महाराष्ट्रात वृक्षलागवडीचं उद्दिष्ट 2 कोटींवरून 4, मग 13 आणि शेवटी 33 कोटींवर गेलं. आकड्यांत खड्डे आले, पण बादल्या कुणी मोजल्या?

घराच्या परड्यातही तेच होतं. कोल्हापुरात जुलैत लावलेलं झाड सप्टेंबरपर्यंत पाऊसच सांभाळतो. उलट नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळं कुजतात, म्हणून तिथं रोप जरा उंचवट्यावर लावावं. खरी ओढ लागते ती ऑक्टोबरच्या उन्हात आणि पुढं मार्च ते वळवापर्यंत. लावताना पिशवी फाडली, तर आत मुळ्या पिशवीच्याच आकारात गोल गोल फिरलेल्या दिसतात. त्या हलक्या हातानं मोकळ्या केल्या नाहीत, तर जमिनीत गेल्यावरही त्या तशाच फिरत राहतात. बुंधा मातीखाली गाडू नये, हेही तितकंच महत्त्वाचं.

रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणाऱ्याला बरं वाटतं, झाडाला नाही. वरची दोन बोटं माती भिजते आणि मुळं त्या ओलाव्यासाठी वरच घुटमळतात. त्यापेक्षा चार-चार दिवसांनी, माती सुकलेली पाहून, बादलीभर पाणी सावकाश जिरवावं. आळ्यात उसाचं पाचट अंथरावं (आपल्याकडं त्याला काय तोटा!), फक्त ते खोडाला टेकू देऊ नये. दुसऱ्या वर्षी आळं रुंद करून पाणी खोडापासून लांब न्यावं. मुळांना बाहेर पडायला काही निमित्त हवं ना?

आधाराच्या काठीचंही तसंच. रोप तिला करकचून बांधलं, की खोड वाऱ्यावर हलत नाही. आणि जे हलत नाही ते जाड होत नाही. सुतळी सैल, आठाच्या आकड्यात बांधावी आणि रोप सावरलं, की वर्षभरात काठी काढून टाकावी. लावायला दहा हात असतात, काढायला कुणालाच आठवण नसते. रस्त्याकडेची लोखंडी जाळी बघा. पट्ट्या सालीत रुतलेल्या, झाड त्यांना गिळत वाढलेलं, आणि देणगीदाराचं नाव मात्र अजून स्वच्छ वाचता येतं.

तीन उन्हाळे पाणी कोण घालणार आणि काठी-जाळी कोण सोडवणार, हे ठरलेलं नसेल तर यंदा खड्डा काढू नये, असं मला वाटतं. हात शिवशिवत असतील, तर गेल्या वर्षीची झाडं आहेतच. त्यांचं आळं केव्हाच बुजलंय.